इलेक्ट्रिक गाडीला बाहेरून ऑटोमॅटिक डिकी : नाशकात कुणी बसवून घेतलीय का?

गंगापूररोडकर

मंडळी, एका खर्चाच्या कामात सल्ला हवाय.

घरी नेक्सॉन ईव्ही आहे, २०२३ची. गाडीबद्दल तक्रार नाही, डिकीबद्दल आहे. आईचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. पंचवटीच्या मार्केट यार्डातली भाजी, दळण, नातवाची सायकल, सगळी ने-आण तीच करते. डिकी उघडली की आपली आपण वर जाते, आणि मग बंद करायला वॉचमनला हाक. वॉचमन भला माणूस आहे, पण तो रात्रपाळीचा.

कंपनीने या गाडीत विजेवरची डिकी कुठल्याच मॉडेलला दिलेली नाही. कर्व्ह ईव्हीच्या वरच्या मॉडेलला आहे, विंडसर प्रोला आहे, पण डिकीसाठी गाडी कोण बदलतं? बाहेरून बसवून मिळते असं कळलं म्हणून दोन ठिकाणी विचारलं. मुंबई नाक्याकडच्या दुकानात फिटिंगसह ३४ हजार सांगितले, पायाचा सेन्सर हवा तर चार हजार वर. पाथर्डी फाट्याला २६. "माल सेमच आहे साहेब." ईव्हीला चालेल ना, असं विचारलं तर दोघांचं उत्तर एकच, "सगळ्याला चालतं." इथेच माझी शंका सुरू झाली.

ईव्ही म्हणून यात वेगळं काही धोक्याचं आहे का? वॉरंटीचं काय होतं? पाय हलवून उघडणारा सेन्सर घ्यावा का? आणि ज्यांनी बसवून घेतलीय त्यांना एक पावसाळा गेल्यावर काय वाटतं?

तर्रीबाज

३४ हजार?? डिकीच्या आतून एक पट्टा लावा, खाली लोंबेल असा. ओढला की डिकी खाली. उरलेल्या पैशांत इथल्या सगळ्यांना मिसळ. हलके घ्या.

गंगापूररोडकर

@तर्रीबाज, पट्टा लावून झालाय. अर्ध्यापर्यंत येते. शेवटचा दणका देताना जोर लागतो, तोच तिला जमत नाही. मिसळीचं बघू.

अंबडचा वायरमन

गंगापूररोडकर (पुढे गंरोच म्हणतो), आधी किटमध्ये काय काय येतं ते सांगतो, म्हणजे दुकानदाराला नेमके प्रश्न विचारता येतील.

डिकीचे गॅसचे दोन शॉकअप काढतात आणि त्यांच्या जागी दोन जाड नळ्या येतात. नळीत मोटर, गिअर, लांब आट्यांचा स्क्रू आणि भोवती स्प्रिंग. मोटर फिरली की नळी लांब किंवा आखूड होते. डिकीचं वजन बरंचसं स्प्रिंगच पेलते, मोटर वर-खाली ढकलायचं काम करते. म्हणून वीज गेली तरी डिकी धाडकन डोक्यात येत नाही, हाताने जड जाते इतकंच. स्वस्त किटमध्ये एकाच बाजूला मोटर आणि दुसरीकडे नुसती स्प्रिंग असते. ते घेऊ नका. डिकी एका अंगाने ढकलली जाते, कालांतराने तिरकी बसायला लागते आणि एका कोपऱ्यातलं रबर घासतं. तुमच्या २६ आणि ३४मधला फरक इथेच सापडेल असा माझा अंदाज, विचारून बघा.

दुसरा भाग कुलूप. मूळ कुलपाच्या जागी मोटरचं कुलूप बसतं आणि ते शेवटचे काही मिलिमीटर डिकी स्वतः खेचून घेतं. आईंना जो दणका जमत नाही तो हे देतं, त्यामुळे तुमच्या कामाची खरी वस्तू ही आहे. काही जण पैसे वाचवायला कुलूप वगळून नुसत्या नळ्या बसवतात. मग मोटर डिकी जोरात आपटून लावते, किंवा अर्धवट लागलेली डिकी घेऊन माणूस फिरतो. तिसरा भाग कंट्रोल मॉड्यूल, ते डिकीच्या बाजूच्या प्लास्टिकमागे जातं. मोटर किती फिरली हे त्याला सेन्सरवरून कळतं. मध्ये काही अडकलं की वेग मंदावतो, करंट चढतो आणि मॉड्यूल डिकी परत वर नेतं.

आता ईव्हीचं. लोक म्हणतात, खाली एवढी मोठी बॅटरी आहे, डिकीच्या मोटरने तिचं काय बिघडणार? पण डिकी त्या बॅटरीवर चालतच नाही. ईव्हीतसुद्धा बारा व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. दिवे, लॉक, वायपर, स्क्रीन, झाडून सगळे कंट्रोलर तिच्यावर. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीतून छोटीला भरत असतो. गाडी बंद केली की कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच, सुटतात, मोठी बॅटरी अलग होते आणि छोटी एकटी पडते. ती बसली तर ते कॉन्टॅक्टर ओढायलाच वीज उरत नाही. म्हणजे खाली ८० टक्के चार्ज आणि गाडी जागची हलत नाही, हा प्रकार होतो. शिवाय स्टार्टर फिरवायचा नसल्यामुळे ईव्हीत ही बॅटरी पुष्कळदा लहानच दिलेली असते.

मोटर चालताना दहा-पंधरा अँपिअर घेते, पण काही सेकंदच. त्याची काळजी करू नका. काळजी करायची ती गाडी लॉक केल्यावर मॉड्यूल नीट झोपतं, म्हणजे नाममात्र वीज खात पडून राहतं, की नाही याची. हिशोब करून बघा. समजा बॅटरी ४० एएचची (अँपिअर-अवरची) आहे आणि तिच्यातलं निम्मं, म्हणजे २० एएच, गेलं की त्रास सुरू होतो. गाडी लॉक करून उभी असताना स्वतःची २५ मिलीअँपिअर खाते असं धरा. झोपणारं मॉड्यूल त्यात ८ घालेल, एकूण ३३. दिवसाला ०.८ एएच, म्हणजे २५ दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल. न झोपणारं मॉड्यूल ८० खातं, एकूण १०५. दिवसाला अडीच एएच. आठ दिवसांत खेळ खलास. बाहेरगावी लग्नाला जाऊन आलात की गाडी मेलेली. काही कंपन्यांच्या ईव्ही उभ्या असतानाही मधूनमधून मोठीतून छोटीला भरून घेतात, पण सगळ्या घेत नाहीत. त्या भरवशावर राहू नका.

वायरिंग कसं करावं ते सवडीने लिहितो, शिफ्ट सुरू होतेय.

निफाडची

वायरमनदादा, तुमचा आठ दिवसांचा हिशोब आमच्या दारात घडलाय.

आमची झेडएस ईव्ही. निफाडला थंडीत पारा पाच-सहावर येतो, त्या दिवसांत सकाळी गॅसचे शॉकअप डिकी धरायचेच नाहीत. डोक्यात येऊन बसायची. नवे शॉकअप टाकायला गेलो आणि दुकानदाराने ऑटोमॅटिकचं गळ्यात मारलं. दिसायला काम झकास होतं. बटण दाबलं की डिकी वर, कुलूप हळूच खेचून घ्यायचं, पाहुणे दोनदा उघडून बघायचे.

मग द्राक्षाचा हंगाम आला. गाडी शेडमध्ये उभी, आम्ही सगळे पिकअपवर. मधूनच कुणीतरी डिकी उघडून कॅरेट ठेवणार, काढणार, तासन्‌तास उघडी ठेवणार. एका पहाटे सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी ढिम्म. चावीचं बटण मेलेलं, स्क्रीन काळी. ह्यांनी जंप स्टार्टर घेऊन ठेवला होता, पण तो होता डिकीत. आणि डिकी तर आता फक्त विजेवर उघडणारी!

किल्लीतली लोखंडी चावी काढून पुढचं दार उघडलं. मागचं सीट पाडून मी आत सरपटत गेले. डिकीच्या आतल्या प्लास्टिकला एक छोटं झाकण असतं, त्यातून मूळ कुलपाचा खटका स्क्रू ड्रायव्हरने ढकलता येतो. झाकण उघडलं तर आत खटकाच नाही. नवं कुलूप बसवताना तो भोकासमोर आलेलाच नव्हता. मोबाईलच्या उजेडात नुसती पत्र्याची पाठ दिसत होती. शेवटी दाजींनी ट्रॅक्टर आणला. बॉनेटला तारेची खेच असते त्यामुळे ते उघडलं, ट्रॅक्टर बंद ठेवून त्याच्या बॅटरीवरून केबल जोडल्या आणि गाडी 'रेडी' झाली. वीस लाखांच्या वर गेलेली गाडी आणि तिला उठवायला जुना ट्रॅक्टर. दाजी अजून सोडत नाहीत तो विषय.

पुढे ओझरच्या एका इलेक्ट्रिशियनने सगळं उघडून बघितलं. गाडी लॉक झाल्याचं मॉड्यूलला कळवणारी जी वायर असते ती दुकानवाल्याने जोडलीच नव्हती. टेप गुंडाळून तशीच सोडलेली. त्यामुळे मॉड्यूलला वाटायचं गाडी उघडीच आहे, ते रात्रभर जागं. ती वायर जोडल्यापासून तक्रार नाही. कुलपाच्या खटक्याला त्याने सायकलच्या ब्रेकची तार बांधून आतल्या झाकणापर्यंत आणून दिली. दिसायला गावठी आहे, पण ओढून बघितली, उघडते.

म्हणजे गंरो, वस्तू वाईट नाही. बसवणारा बघा. आणि जंप स्टार्टर पुढच्या सीटखाली ठेवा.

तर्रीबाज

ब्रेकची तार! दंडवत ताई.

अंबडचा वायरमन

निफाडच्या ताईंनी लिहिलं तेच होतं, दहात सात गाड्यांना असं मी म्हणणार नाही, पण माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांना हीच एक वायर सुटलेली होती. कारण ती शोधायला वेळ लागतो आणि तिच्याशिवायही डिकी उघडते-मिटते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

आता राहिलेलं. पॉवर बॅटरीच्या प्लसवरून घेतली तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, डिकीपाशी नको. फ्यूज डिकीपाशी असेल आणि मधली वायर दाराच्या पट्टीखाली चेपून सोलली गेली, तर ती पेटेपर्यंत तिला अडवणारं कुणी नाही. मायनसची वायर बॅटरीच्या मायनस बोल्टवर लावू देऊ नका. कित्येक गाड्यांत त्या बोल्टलाच बॅटरीत किती करंट आला-गेला हे मोजणारा सेन्सर असतो. थेट बोल्टवर जोडलं तर तुमच्या डिकीचा करंट सेन्सरच्या हिशोबात येतच नाही आणि गाडीला बॅटरी भरलेली वाटत राहते. अर्थ बॉडीच्या पत्र्यावर, रंग खरवडून, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून, बोल्टने. जोड चिमट्याच्या निळ्या कनेक्टरने मारतात, ते दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. क्रिंप करून (पक्कडीने जोड दाबून) वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), नाहीतर कपलरला कपलर.

एक गोष्ट कडक सांगतो. नारंगी रंगाची केबल दिसली की हात मागे. त्यात ३०० व्होल्टच्या वर असतं. डिकीच्या कामात तिच्या जवळपास जायचं कारणच पडत नाही, पण वायर "शॉर्टकटने" गाडीखालून न्यायची हौस काही जणांना असते. आणि डिकीच्या तळाला नवीन स्क्रू मारायचा नाही. तळाखाली बॅटरी कुठपर्यंत आलीय हे फिटिंग करणाऱ्या पोराला माहीत नसतं.

पाण्याचं. बॉडीतून डिकीत वायर जाते तिथे वर एक रबराची लवचीक नळी असते. नवी वायर त्याच नळीतून ओवायला हवी. साबणाचं पाणी लावून, जुन्या वायरांच्या शेजारून, हळूहळू. याला अर्धा तास जातो आणि बोटं दुखतात, म्हणून लोक रबराला बाहेरून भोक पाडतात आणि सिलिकॉन थोपतात. त्र्यंबकच्या पावसात एकदा जाऊन या, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी दिसेल. वायरला नळीत शिरण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, वायरबरोबर आत येत नाही.

पेठरोडचे काका

विम्यात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द.

गाडीच्या मूळ किमतीत नसलेली विजेची वस्तू बसवली तर ती पॉलिसीवर चढवून घ्यावी लागते. त्याला आयएमटी २४ म्हणतात, वस्तूच्या किमतीवर ४ टक्के प्रीमियम. ३४ हजारांच्या किटला वर्षाला १,३६० रुपये अधिक जीएसटी. यासाठी पक्कं बिल पाहिजे. "बिल नको असेल तर दोन हजार कमी" हे ऐकून खूश होऊ नका. मागून कुणी ठोकलं तर साध्या डिकीचे पैसे मिळतील, नळ्या-कुलपाचे तुमचे तुम्ही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की वायरिंग जळालं तर सर्व्हेअर आधी हेच विचारतो की बाहेरचं काय बसवलंय. कागदावर असलेलं बरं.

आरटीओची भीती इथे नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा रोख आरसीवर लिहिलेले तपशील बदलण्यावर आहे. डिकीच्या शॉकअपने आरसीवरची एकही नोंद बदलत नाही.

वॉरंटीबाबत तोंडी आश्वासन घेऊ नका. सर्व्हिस सेंटरला ईमेल करा, हे किट लावणार आहे, मूळ वायरिंग कापणार नाही, काय म्हणणं आहे? उत्तर जपून ठेवा. मोठ्या बॅटरीची वॉरंटी वेगळी असते, बहुतेक कंपन्यांची आठ वर्षं नि १ लाख ६० हजार किलोमीटरची. डिकीमुळे तीच जाईल असं काही जण घाबरवतात. नुसत्या डिकीने ती जाते असं नाही, पण कापलेल्या वायरिंगशी संबंध जोडता येईल असा कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड ते नाकारू शकतात आणि नाकारतात. जुने शॉकअप आणि कुलूप फेकू नका.

शंकेखोर

मला मूळ प्रश्नच कळत नाही. आईंना दणका जमत नाही, तर फक्त मोटरचं कुलूप बसवा. पट्ट्याने डिकी खाली ओढायची, टेकवायची, बाकीचं कुलूप खेचून घेईल. अर्ध्या किमतीत काम, वायरिंगही कमी. डिकी आपोआप वर-खाली होताना बघायची हौस असेल तर तसं सांगा.

गंगापूररोडकर

@शंकेखोर, मुद्दा बरोबर आहे. मी विचारलं होतं. मुंबई नाक्यावाला म्हणाला, नुसतं कुलूप या गाडीचं वेगळं येत नाही, किटबरोबरच येतं. आणि थोडी हौस आहेच, ती का नाकारू?

एडिसनवासी मनमाडकर

इकडे न्यू जर्सीत हा उद्योग टेस्लावाल्यांनी खूप केलाय. मॉडेल ३च्या सुरुवातीच्या गाड्यांना डिकी हाताचीच होती, कंपनीने ती २०२१च्या मॉडेलपासून विजेवर केली. त्याआधीच्या लोकांनी बाहेरची किट बसवली, माझ्या ऑफिसातल्या दोघांनी घरच्या गॅरेजमध्ये स्वतः. इकडचाही अनुभव निफाडच्या ताईंसारखाच, तक्रार मोटरची कमी आणि छोट्या बॅटरीची जास्त.

त्यातून काही जण पुढच्या बॉनेटखालच्या डिकीलाही मोटर लावतात. ते करू नका म्हणून सांगतो. मागची डिकी चालताना उघडली तर सामान पडेल. पुढची उघडली तर झाकण काचेवर येतं. म्हणून पुढच्या झाकणाला दुसरा, सुरक्षेचा खटका असतो, आणि काही किट तोच निकामी करतात. आपल्याकडेही पुढे सामानाची जागा असलेल्या ईव्ही यायला लागल्यात, हे खूळ आज ना उद्या येईल.

जाता जाता, नाशिकची मिसळ नुसती नावाने आठवून जीव जातोय. तर्रीबाज, फोटो टाकू नका.

पाथर्डी_फाटा

पायाच्या सेन्सरवर माझे चार पैसे. घेऊ नका.

सेन्सर म्हणजे मागच्या बंपरच्या आत चिकटवलेल्या पट्ट्या. पाय जवळ आला की त्यांना कळतं. पाणी आलं तरी कळतं, हीच गोम. वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला दिली, चावी पोराच्या खिशात. त्याने बंपरवर प्रेशरचा फवारा मारला, डिकीने सलाम ठोकला आणि उरलेला फवारा थेट आत. चार्जरची केबल, मुलीचं दप्तर, सगळी आंघोळ. दुसऱ्यांदा सोसायटीतल्या मांजराने उघडली.

शिवाय कंपनीच्या गाडीत चावी जवळ असेल तरच पाय चालतो. बाहेरच्या पुष्कळ किटला गाडीची चावी कुठे आहे ते कळतच नाही, गाडी अनलॉक आहे का एवढंच कळतं. म्हणजे दोन्ही हातांत पिशव्या असताना आधी खिशातून चावी काढून अनलॉक करायची आणि मग लंगडी घालायची. मग बटणच का नको?

ज्यांच्या गाडीचं चार्जिंगचं झाकण मागच्या फेंडरवर आहे त्यांनी तर अजिबात नको. गन लावायला वाकलं की पाय बंपरखाली जातोच.

निफाडची

+१. आमचा सेन्सर कधीच बंद करून टाकलाय. शेतात कुत्री आहेत.

अंबडचा वायरमन

सहमत. गंरो, गाडी परत घेताना एवढं दुकानातच करा. पैसे त्यानंतर द्या.

डिकी बंद होत असताना मध्ये दुधी भोपळा धरा. हसू नका, मी तेच करतो. डिकीने भोपळ्याला टेकून परत वर जायला हवं. भोपळा कापला गेला तर मॉड्यूलची सेटिंग चुकलीय. मधोमध धरून झाल्यावर डाव्या-उजव्या कडेलाही धरा. चांगल्या कंपनी-फिटिंगमध्ये कडेला दाब ओळखणाऱ्या रबरी पट्ट्या असतात, बाहेरच्या किटमध्ये बहुतेक वेळा सगळी भिस्त मोटरच्या करंटवर, आणि कडेला तो कमी पडू शकतो. कुलूप खेचून घेतं त्या शेवटच्या टप्प्यात तर बोट वाचवणारं काहीच नसतं. लहान मुलं असतील तर त्यांना आत्ताच दाखवून ठेवा.

मग करंट मोजा. क्लॅम्प मीटर डीसी मिलीअँपिअर मोजणारा नसेल तर मल्टिमीटर मायनसमध्ये सिरीज लावावा लागतो. बॉनेट उघडं ठेवून त्याचा खटका स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, नाहीतर गाडीला बॉनेट उघडं दिसतं आणि ती झोपत नाही. चावी लांब ठेवा. गाडी लॉक करा आणि अर्धा तास चहा प्या. लगेच मोजलं तर आकडा मोठा येतो, कंट्रोलर एकेक करून झोपतात. मीटर लावलेला असताना दार किंवा डिकी उघडू नका, मीटरचा फ्यूज जाईल. किट बसवायच्या आधीचा आकडा आणि नंतरचा, दोन्ही हवेत. फरक पंधरा-वीस मिलीअँपिअरच्या आत असेल तर घरी न्या.

शंकेखोर

दुकानदार अर्धा तास थांबेल? नाशकात?

अंबडचा वायरमन

पैसे दिलेले नसतील तर थांबतो.

गंगापूररोडकर

अपडेट देतोय, कारण बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं.

शेवटी मुंबई नाक्याकडेच केलं. पाथर्डी फाट्याचं किट खरंच एका मोटरचं निघालं, वायरमनदादांचा अंदाज बरोबर. "दुसऱ्या बाजूला पॉवर स्प्रिंग असते साहेब" हे त्याचं उत्तर. मुंबई नाक्यावाल्याला इथले प्रश्न मोबाईलवरून वाचून दाखवले. आधी वैतागला, मग म्हणाला, "वायरिंगवाला माझा भाऊ आहे, त्याच्याशीच बोला." भाऊ माहितगार निघाला. लॉकची वायर कुठली, हे त्याने टेस्टलँप न लावता मीटर लावून शोधलं आणि मला दाखवलं. रबरी नळीतून वायर ओवताना मी शेजारी उभा होतो. साबण, शिव्या, सगळं झालं. पण भोक नाही पाडलं.

पायाचा सेन्सर घेतला नाही. ते चार हजार कमी करा म्हटलं तर "ते वेगळेच होते ना" म्हणाला, हे त्याचं बरोबरच. पक्कं बिल घेतलं, विम्यात चढवलं. सर्व्हिस सेंटरचं ईमेलला उत्तर आलं, भाषा गुळगुळीत आहे, पण "मूळ वायरिंगमध्ये बदल न केल्यास" असे शब्द आहेत. काकांच्या सांगण्यानुसार छापून ठेवलंय.

करंट आधी २२ मिलीअँपिअर होता, नंतर ३१. भोपळा वाचला, मधोमधही आणि कडेलाही. डाव्या कडेला दाब जरा जास्त वाटला म्हणून त्याने सेटिंग एक पायरी खाली आणली.

आपत्कालीन खटका आमच्याही कुलपात झाकणासमोर येत नव्हता. निफाडच्या ताई, तुमचं ब्रेकच्या तारेचं वर्णन दाखवलं आणि भावाने शेजारच्या सायकलच्या दुकानातून तार आणली.

पार्किंगच्या तुळईला डिकी लागू नये म्हणून उंची आईच्या हाताच्या बेताने ठेवलीय. हवी तिथे थांबवून बटण दाबून धरलं की बीप होतो आणि ती उंची लक्षात राहते. बारा व्होल्टची बॅटरी काढली-लावली तर हे पुन्हा शिकवावं लागतं म्हणे. आई खूश आहे. बटण दाबून ती डिकी बंद व्हायच्या आधीच चालू लागते, मागे वळून बघतही नाही.

एकच तक्रार. उघडताना-मिटताना ती बीप-बीप करते आणि आई पहाटे साडेपाचला सोमेश्वरला फिरायला निघते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, टेम्पो घेतलात का? आवाज कमी करता येतो का?

अंबडचा वायरमन

तुमच्या किटमध्ये बझर मॉड्यूलच्या आत आहे की बाहेर वायरवर लटकतोय? बाहेर असेल तर त्याच्या भोकावर कापडी टेपचे दोन थर लावा. वायर कापू नका. डिकी खाली येतेय हे मागे उभ्या असलेल्या माणसाला त्या आवाजानेच कळतं.

गंगापूररोडकर

बाहेरच आहे. टेप लावतो.

नाशिकरोडची_मीनल

धागा शोधून वर काढतेय. क्रेटा इलेक्ट्रिकला कुणी बसवलंय का? गंरो, त्या भावाचा नंबर खाजगी निरोपात देणार का? आणि भोपळा आपण न्यायचा की दुकानात मिळतो?

तर्रीबाज

भोपळा आपला आपण. मिसळ अजून गंरोंकडे बाकी आहे, हे नोंदवून ठेवतो.